पुढच्या दातावरचा डाग: आधी कारण शोधा, मग रंग बघा

मुलांच्या पटाशीच्या दातांवरचे पांढरे-तपकिरी डाग, फट, तुटलेला कोपरा यांवर उपाय आहेत. पण कधी थांबायचे, कधी धावायचे आणि गावाच्या पाण्याकडे का बघायचे?

म्हसवडच्या सिद्धनाथाची रथयात्रा असो की शाळेचे स्नेहसंमेलन, हल्ली प्रत्येक घरात मोबाइलवर मुलांचे फोटो निघतात. त्या फोटोंत एखादे मूल ओठ घट्ट मिटून उभे दिसते. ‘हस की जरा’ म्हटले तर हात तोंडावर जातो. पुढच्या दातावर तपकिरी डाग असतो, दात तुटलेला असतो किंवा दोन दातांत फट असते. वर्गात कुणीतरी त्यावरून नाव ठेवलेले असते.

अशा वेळी घरातून दोन टोकाचे सल्ले मिळतात. एक म्हणजे, ‘दातच तो, त्याचे काय एवढे, मोठेपणी बघू.’ दुसरा म्हणजे, ‘आत्ताच कॅप बसवून टाका, पोरीची जात आहे.’ दोन्ही सल्ले चुकीचे ठरू शकतात. मुलांच्या पुढच्या दातांच्या बाबतीत पहिला प्रश्न ‘दात पांढरा कसा करायचा’ हा नाही. डाग कशामुळे पडला आणि मुलाचे वय काय, हे आधी बघायचे. उपचार त्यावरून ठरतात. काही वेळा कारण दातात नसतेच, ते घरातल्या हंड्यात असते.

काळजी नको, अशा तीन गोष्टी

सहा-सात वर्षांचे मूल दाखवायला आलेल्या पालकांची एक नेहमीची तक्रार असते: ‘दुधाचे दात पांढरेशुभ्र होते, नवे आले ते पिवळे.’ हे नैसर्गिक आहे. कायमच्या दाताच्या आवरणाखालचा डेंटिनचा थर जाड आणि पिवळसर असतो. शेजारी दुधाचे दात असेपर्यंत तो रंग जास्त उठून दिसतो. सगळे दात बदलले की फरक जाणवेनासा होतो.

दुसरी तक्रार वरच्या दोन मधल्या दातांतल्या फटीची. सात ते अकरा-बारा या वयात हे दात फाकलेले, तिरके दिसतात. वरचे सुळे हाडातून खाली सरकत असताना शेजारच्या दातांच्या मुळांवर दाब येतो, म्हणून असे होते. अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे उगवले की बहुतेक मुलांची फट आपोआप कमी होते किंवा बुजते. या वयात घाईने तार लावणे किंवा फट भरून घेणे बहुधा अनावश्यक असते. फट फारच मोठी असेल, शेजारचा दात उगवलाच नसेल किंवा मुलाला अंगठा चोखायची सवय असेल, तर मात्र दाखवावे.

तिसरी गोष्ट दातांच्या कडांची. नव्या पटाशीच्या दाताची कड करवतीसारखी, तीन उंचवट्यांची असते. चावून चावून ती झिजते. ती घासून सरळ करून घेण्याची गरज नाही.

डाग नेमका कशाचा?

डाग सगळे सारखे दिसले तरी कारणे वेगळी असतात. डॉक्टरकडे जाण्याआधी घरी उजेडात नीट पाहिले तरी बरेच कळते.

एकाच दातावर डाग असेल, तर त्या जागी पूर्वी दुधाचा दात किडला होता का, लहानपणी मूल तोंडावर पडले होते का, हे आठवा. दुधाच्या दाताच्या मुळाशी झालेला पू किंवा बसलेला मार खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताचे आवरण बिघडवतो.

पुढच्या दातांवर ठळक कडा असलेले दुधी, पिवळे किंवा तपकिरी ठिपके आहेत आणि सोबत सहाव्या वर्षी येणाऱ्या पहिल्या दाढाही खडबडीत, भुगा पडणाऱ्या आहेत, थंड पाण्याने ठणकतात, तर आवरणात खनिजे कमी भरल्याचा हा दोष असू शकतो. इथे दिसण्यापेक्षा दाढा वाचवणे महत्त्वाचे. त्या लवकर किडतात, म्हणून दाखवायला उशीर करू नये.

हिरडीलगत खडूसारखी पांढरट रेघ दिसत असेल, तर ती बहुधा किडीची पहिली पायरी असते. तान्ह्या मुलांत वरचे पुढचे दात आधी किडतात, कारण बाटलीतले गोड दूध किंवा गूळ-साखरेचे पाणी झोपेत त्यांच्यावर साचते. खालच्या दातांना जिभेचे संरक्षण मिळते. या टप्प्यावर रात्रीची बाटली बंद केली, स्वच्छता सुरू केली आणि डॉक्टरांनी फ्लोराइडचा लेप लावला, तर कीड थांबू शकते.

दात बाहेरून काळपट झाला असेल, तर लोहाचे पातळ औषध, तोंडातले काही जिवाणू किंवा मिश्री ही कारणे असू शकतात. असा डाग वरवरचा असतो आणि दवाखान्यात दात साफ केल्यावर निघतो. मिश्रीबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. आजी किंवा आई सकाळी मिश्री लावते आणि शेजारी बसलेली नात बोट बुडवते. तिच्या दातावर डाग पडतो हा त्यातला सर्वांत छोटा तोटा. तंबाखूची सवय आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका तिथूनच सुरू होतो.

आणि डाग दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखेच असतील, आडव्या पांढऱ्या रेघा, खडूसारखे ढग किंवा तपकिरी पट्टे दिसत असतील, भावंडांत आणि शेजारच्या मुलांतही तसेच असतील, तर संशय पाण्यातल्या फ्लोराइडवर जातो. यालाच दातांचा फ्लोरोसिस म्हणतात.

आठव्या वर्षी दिसलेला डाग दुसऱ्या वर्षीचा असतो

फ्लोरोसिसची ही बाब पालकांना सहसा कुणी सांगत नाही. वरचे मधले दात हिरडीतून बाहेर येतात सात-आठव्या वर्षी. पण त्यांचे आवरण त्याच्या कितीतरी आधी, हाडाच्या आत तयार होत असते. या दोन दातांसाठी सर्वांत नाजूक काळ साधारण दीड ते अडीच वर्षांचा. इतर दात धरले तर धोका आठव्या वर्षापर्यंत राहतो. त्या काळात पोटात जास्त फ्लोराइड गेले, तर आवरण नीट घट्ट होत नाही. दात उगवला की ती उणीव डाग म्हणून दिसते.

म्हणजे तिसरीतल्या मुलीच्या दातावरचा तपकिरी पट्टा ती दोन वर्षांची असताना प्यायलेल्या पाण्याची नोंद असते. तिच्या दातावर उपचार करता येतात. पण घरात तिचा दीड वर्षाचा भाऊ तेच पाणी पीत असेल, तर सहा वर्षांनी तो त्याच दवाखान्याच्या पायरीवर उभा असेल.

जगाला हे कळायलाही वेळ लागला. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात फ्रेडरिक मॅके हे दंतवैद्य १९०१ साली आले आणि तिथल्या लोकांच्या दातांवरचे तपकिरी डाग पाहून चक्रावले. कारण फ्लोराइड आहे हे सिद्ध व्हायला १९३१ साल उजाडले. भारतात नेल्लोर परिसरातल्या फ्लोरोसिसची शास्त्रीय नोंद १९३७ साली झाली. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावे हा त्रास वर्षानुवर्षे सोसत आहेत. केंद्र सरकारने २००८-०९ मध्ये फ्लोरोसिस प्रतिबंध आणि नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यातही शाळकरी मुलांचे दात पाहणे हीच पहिली पायरी ठेवली आहे, कारण हाडांवर परिणाम दिसण्याच्या कितीतरी आधी दात ही खबर देतात.

माणदेशाने हा प्रश्न का विचारावा?

माण तालुक्याला पाण्याचे मोल सांगायला नको. टँकर, छावण्या आणि खोल खोल जाणाऱ्या बोअरवेल इथल्या दोन-तीन पिढ्यांनी पाहिल्या. याच तालुक्यातल्या टाकेवाडीने २०१८ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळवला. ‘पाणी किती?’ हा प्रश्न या मातीने जिद्दीने सोडवायला घेतला. त्याच्या जोडीला आता ‘पाणी कसले?’ हाही प्रश्न विचारायला हवा.

कारण साधे आहे. पाणी जितके खोलातले आणि जितका जास्त काळ खडकाच्या सान्निध्यात राहिलेले, तितकी त्यात खनिजे उतरण्याची शक्यता अधिक. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी काचेसारखे नितळ दिसले तरी त्यात ते असू शकते. उलट, मुलाच्या दातावर डाग आहे म्हणून फ्लोराइडच असेल, असेही धरता येत नाही. शेजारशेजारच्या दोन बोअरच्या पाण्यातही फरक निघतो. त्यामुळे अंदाज उपयोगाचा नाही, तपासणीच हवी.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. त्यापुढे नाही. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाणी तपासणीचे संच देण्याची आणि प्रत्येक गावात पाच महिलांना ते वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. या संचातून फ्लोराइडचीही चाचणी होते. शंका आली तर नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. ‘आमच्या बोअरचे फ्लोराइड किती आले?’ हे ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत विचारणे हा प्रत्येक पालकाचा हक्क आहे.

पाण्यात फ्लोराइड जास्त निघाले, तर काही गैरसमज टाळावेत. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते. हंड्यात तुरटी फिरवूनही ते पुरेसे उतरत नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना वापरतात, पण पाण्याच्या तपासणीनुसार मोजून आणि प्रक्रिया करून. आरओ यंत्रातून फ्लोराइड बऱ्याच अंशी निघते. नीट साठवलेले पावसाचे पाणी हा सर्वांत साधा पर्याय आहे. चांगले पाणी थोडेच मिळत असेल, तर ते आधी आठ वर्षांखालच्या मुलांना द्यावे, प्यायलाही आणि त्यांची डाळ-भात, पेज शिजवायलाही. धुण्या-भांड्याला बोअरचे पाणी चालते.

उपचार: हलक्यापासून जडाकडे

आता दाताकडे येऊ. मुलांच्या पुढच्या दातांसाठी उपचारांची एक शिडी आहे. नियम एवढाच, की खालच्या पायरीने काम भागत असेल तर वर चढायचे नाही.

पहिली पायरी दवाखान्यात दात साफ करून घेण्याची. वरवरचे डाग इथेच जातात.

दुसरी पायरी मायक्रोअ‍ॅब्रेजन. सौम्य प्रमाणातले आम्ल आणि बारीक पूड यांच्या लेपाने आवरणाचा अगदी पातळ थर काढला जातो. फ्लोरोसिसचे उथळ तपकिरी डाग यामुळे चांगले फिकट होतात. काम डॉक्टरांनीच, हिरड्या झाकून करायचे.

तिसरी पायरी रेझिन इन्फिल्ट्रेशन. पांढऱ्या डागाच्या सूक्ष्म छिद्रांत पातळ द्रव मुरवून तो प्रकाशाने घट्ट करतात. ड्रिल लागत नाही, भूल लागत नाही. पांढरे डाग आजूबाजूच्या रंगात मिसळतात. खोल तपकिरी डागांवर मात्र याचा परिणाम कमी.

चौथी पायरी कंपोझिटची. दाताच्या रंगाचे हे साहित्य थेट दातावर चिकटवून तुटलेला कोपरा घडवता येतो, खोल डाग झाकता येतो. दात फारसा घासावा लागत नाही. काही वर्षांनी ते बदलावे लागते, रंग धरते, पण मूळ दात शाबूत राहतो. वाढत्या वयात हाच त्याचा मोठा गुण.

व्हेनियर आणि क्राउन, म्हणजे बोलीभाषेतली ‘कॅप’, शेवटच्या पायरीवर येतात. मुलांच्या दातात मधली नस मोठी आणि पृष्ठभागाच्या जवळ असते. कॅपसाठी दात चहूबाजूंनी घासला, तर नसेला इजा होऊन पुढे रूट कॅनाल करायची वेळ येऊ शकते. शिवाय हिरडी अजून वर सरकत असते. दहाव्या वर्षी बसवलेल्या कॅपची कड पंधराव्या वर्षी उघडी पडते. एकदा घासलेला दात पुन्हा भरून येत नाही. म्हणून फक्त दिसण्यासाठी कॅप बसवायची, तर वाढ पूर्ण होईपर्यंत, साधारण अठरा वर्षांपर्यंत थांबलेले बरे. मोठा अपघात किंवा फार खिळखिळा दात असेल, तर निर्णय वेगळा असू शकतो. पण तेव्हाही ‘कंपोझिटने भागेल का?’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

ब्लीचिंगबद्दलही तीच सावधगिरी. युरोपीय संघाने २०१२ पासून ०.१ टक्क्याहून जास्त हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली दात उजळवणारी उत्पादने अठरा वर्षांखालच्यांवर वापरायला मनाई केली आहे. ऑनलाइन मागवलेल्या पट्ट्या आणि जेल मुलांच्या हाती देऊ नका. मोबाइलवरच्या चित्रफितींतले लिंबू, खाण्याचा सोडा, कोळशाची पूड आणि घरची राख हे उपायही नकोत. आवरण घासले गेले की दात उजळत नाही, आतला पिवळा थर दिसू लागतो आणि दात ठणकतो.

इथे मात्र धावायचे

दिसण्याच्या प्रश्नात थांबणे बहुधा शहाणपणाचे असते. मार लागला असेल, तर अजिबात थांबू नका. कबड्डीत कोपर लागते, सायकल घसरते, हापशाचा दांडा तोंडावर बसतो आणि पुढचा दात निखळून हातात येतो. दात कायमचा असेल, म्हणजे मूल साधारण सात वर्षांच्या पुढचे असेल, तर तो वाचू शकतो.

दात वरच्या चकचकीत भागाने धरा, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने क्षणभर धुवा, घासू नका. जमल्यास लगेच त्याच खाचेत सरळ बसवा आणि मुलाला स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. जमत नसेल, तर दात वाटीभर थंड दुधात ठेवा. पाण्यात नको, कोरड्या कापडात नको. मग थेट दातांच्या दवाखान्यात जा. अर्ध्या तासात पोहोचलात तर उत्तम, तासाभरानंतर आशा झपाट्याने कमी होते. म्हणून ‘सकाळी साताऱ्याला नेऊ’ म्हणण्यापेक्षा आधी गावातलाच जवळचा दंतवैद्य गाठा. दुधाचा दात निखळला, तर तो पुन्हा बसवायचा नाही. त्याने खालच्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. तुटलेला तुकडा मिळाला, तर तोही दुधात घालून न्या. अनेकदा तो परत चिकटवता येतो.

माराने दात राखाडी पडत असेल, हलत असेल किंवा वर हिरडीवर पुटकुळी आली असेल, तर तो रंगाचा प्रश्न उरत नाही. आतली नस तपासून घ्यावी लागते. वरचे दात फार पुढे आलेल्या मुलांना असा मार लवकर बसतो, म्हणून त्यांना वेळीच दाखवून ठेवावे.

दोन वह्या एकत्र आणा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातून, पालघरमधून झाली. त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी, अनुदानित शाळांत एकदा मुलांना तपासतात. दातांचे आजार त्यांच्या यादीत आहेत. पण तपासणीत ‘किडका दात’ लिहून पुढे जाण्याची सवय असेल, तर पुढच्या दातावरचा डाग निसटतो. तो दुखत नाही आणि मूलही बोलत नाही.

आमची मागणी साधी आहे. शाळेच्या तपासणीत जोडीच्या दातांवरचे डाग वेगळे नोंदवावेत, मुलगा-मुलगी पहिली आठ वर्षे कोणत्या गावात, कोणत्या पाण्यावर वाढली हे शेजारी लिहावे आणि ती यादी गावच्या पाणी तपासणीच्या नोंदीशेजारी ठेवावी. आरोग्य विभागाची वही आणि पाणीपुरवठ्याची वही आज वेगवेगळ्या कपाटांत असते. त्या समोरासमोर ठेवल्या, तर कोणत्या वस्तीची बोअर बंद करायची आणि कुठे आधी नळ न्यायचा, हे कळेल. यासाठी नवी योजना लागत नाही. म्हसवडमधून चालणाऱ्या ‘माणदेशी तरंग’सारख्या सामुदायिक रेडिओवरून हीच माहिती वाड्या-वस्त्यांपर्यंत पोहोचवता येईल.

उपचारांसाठी बालदंतरोगतज्ज्ञ मोठ्या शहरांत जास्त आहेत हे खरे. कराड आणि सांगलीच्या दंत महाविद्यालयांत हे उपचार होतात. जाताना मुलाच्या वाढीची थोडी माहिती, आधीचा मार, घेतलेली औषधे आणि शक्य झाल्यास पाण्याचा तपासणी अहवाल सोबत न्या. निदान त्यानेच निम्मे होते.

घरी करण्यासारखे एवढेच: तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट, तीही मोठ्यांनी लावून द्यायची आणि मुलाला थुंकायला शिकवायचे. पाण्यात फ्लोराइड जास्त असेल, तर लहान मुलाच्या पेस्टबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या. आणि डाग दिसतो म्हणून मुलाला सगळ्यांसमोर ‘नीट घासत नाहीस’ असे रागावू नका. फ्लोरोसिसचा डाग घासून पडत नाही आणि घासून जातही नाही. त्या मुलाचा त्यात काही दोष नसतो. ते दोन वर्षांचे असताना त्याने फक्त आपण दिलेले पाणी प्यायलेले असते.